सभेची घंटा आणि माझं क्लासिफिकेशन

मला सभांचा मनापासून कंटाळा आहे. अध्यक्षांचे 'दोन शब्द', पुष्पगुच्छ, मग ज्यांचे आभार मानायचे राहिले त्यांचे पुन्हा आभार. त्यामुळे कामानिमित्त ओळख झालेले एक डॉक्टर "अहो, एकदा आमच्या रोटरीच्या सभेला पाहुण्या म्हणून येऊन तर बघा" असं म्हणायला लागले, तेव्हा मी बरेच दिवस हसून वेळ मारून नेली. रोटरी म्हणजे वेगवेगळ्या व्यवसायांतल्या माणसांचा सेवाकार्य करणारा क्लब. रक्तदान शिबिराला हाक मारा, मी येते. पण दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी एका हॉलमध्ये जाऊन बसायचं यात सेवा कुठे आली, हे काही कळेना. तसं त्यांना सरळ विचारलंही. ते म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. या तुम्ही."

गेले. आणि पाहुणी ते सदस्य ही सगळी वाट चालून आले. ती बाहेरून वाटते तशी नाही, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे फॉर्म भरला, पैसे भरले, झालो सदस्य, असं इथे होत नाही. आधी कुणीतरी सदस्य तुम्हाला सोबत घेऊन येतो. दारातच पाहुण्यांची वही असते, तिच्यात नाव आणि व्यवसाय लिहायचा. तिथे उभ्या असलेल्या गृहस्थांच्या पदाचं नाव सार्जंट-ॲट-आर्म्स. नाव भारदस्त, काम मात्र खुर्च्या, माईक, घंटा, बिल्ले वेळेवर जागेवर आहेत ना हे बघण्याचं आणि उशिरा येणाऱ्याला आवाज न होता आत सरकवण्याचं. त्यांनी मला डॉक्टरांच्या शेजारी बसूच दिलं नाही. "तुमची ओळख तर आहेच त्यांच्याशी, तुम्ही तिकडे बसा," म्हणत भलत्याच टेबलावर नेऊन बसवलं. तिथे एक कंत्राटदार, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक औषधविक्रेते. हे मुद्दाम करतात हे मला नंतर समजलं.

घंटा वाजली. अध्यक्षांनी सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं, पाहुण्यांची ओळख झाली, सचिवांनी पत्रव्यवहार आणि पुढच्या कामांच्या तारखा वाचल्या. मग वाढदिवस. मग एक डबा फिरला आणि ज्याच्या घरी काही चांगलं घडलं असेल त्याने ते एका वाक्यात सांगून डब्यात पैसे टाकले. कुणाच्या नातवाला पहिला दात आला होता, तर कुणाची अडकलेली वसुली आली होती. (वसुलीवाल्याकडून टाळ्यांच्या कडकडाटात दुप्पट वसूल झाले.) लायन्स क्लबात यासाठी 'टेल ट्विस्टर' नावाचा स्वतंत्र पदाधिकारी असतो, तो काहीही खुसपट काढून दंड लावतो आणि त्याच्या निर्णयावर अपील नसतं. फक्त एका माणसाला एका सभेत दोनपेक्षा जास्त वेळा दंड करता येत नाही. आणि खुद्द टेल ट्विस्टरला दंड करायचा तर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं. असला नियम ज्याने घटनेत लिहून ठेवला त्याला माणसांची जाण होती.

त्यानंतर वक्ते, साधारण वीस मिनिटं आणि वर प्रश्न. त्या दिवशीचे वक्ते पाणी या विषयावर बोलले आणि जगातल्या बहुतेक सगळ्या नद्यांना स्पर्श करून आले. शेवटी सगळ्यांनी उभं राहून चार प्रश्न म्हटले: आपण जे विचार करतो, बोलतो, करतो ते खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, त्याने सद्भावना आणि मैत्री वाढेल का, सगळ्यांच्या हिताचं आहे का. पुन्हा घंटा. बरोबर एक तास.

प्रामाणिकपणे सांगते, त्या चार प्रश्नांच्या वेळी मला शाळेची प्रार्थना आठवली आणि हसू आवरावं लागलं. पुढे त्यांचा उगम कळला तेव्हा ते जरा वेगळे ऐकू यायला लागले. हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थांनी 1932 मध्ये, म्हणजे ऐन मंदीत, दिवाळखोरीच्या काठावर आलेली ॲल्युमिनियमच्या भांड्यांची एक कंपनी सावरायला घेतली, तेव्हा कर्मचाऱ्यांसाठी ही कसोटी लिहिली. रोटरीने ती 1943 मध्ये स्वीकारली. म्हणजे मुळात ही प्रार्थना नव्हती. कर्ज डोक्यावर असताना गिऱ्हाइकाला थापा मारायच्या नाहीत, असा तो धंद्यातला नियम होता.

यात सेवा कुठे आली, या डॉक्टरांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या तासात मला मिळालं नाही. ते थोडंफार दिसलं ते घंटेच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळात. आमच्या टेबलावरच्या मुख्याध्यापिकाबाईंनी एका शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय काढला. पाण्याची टाकी आहे, पण पाणी वर चढत नाही. कंत्राटदारांनी खिशातलं पेन काढून कागदावर रेघा मारल्या आणि म्हणाले, "बाई, पंप नको, टाकीच वर घ्यायला हवी. उद्या माणूस पाठवतो." बस्स. ना ठराव, ना समिती. मी पुढे पाहुणी म्हणून आणखी काही सभांना गेले त्या अशा गोष्टी ऐकायला. भाषणं ऐकायला नव्हे.

मग एक दिवस डॉक्टरांनी प्रस्तावाचा अर्ज पुढे केला. तो उमेदवाराने नाही, सूचकाने द्यायचा असतो. त्यात माझं नाव, पत्ता आणि मग तो रकाना: क्लासिफिकेशन. म्हणजे तुम्ही कोणत्या व्यवसायाच्या वतीने इथे बसणार. ही कल्पना रोटरीच्या अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे. 23 फेब्रुवारी 1905 च्या संध्याकाळी शिकागोत युनिटी बिल्डिंगमधल्या 711 नंबरच्या खोलीत जे चौघे जमले, त्यांत पॉल हॅरिस वकील, सिल्व्हेस्टर शील कोळशाचे व्यापारी, गस्टाव्हस लोअर खाण अभियंता आणि हायरम शोरी शिंपीकामाच्या धंद्यातले होते. चौघांचे चार धंदे. पाचवे आले हॅरी रगल्स, ते छपाईवाले. सभेत गाणी म्हणायची पद्धत त्यांनी पाडली. एकाच धंद्याच्या लोकांनी क्लब भरून जाऊ नये, हा त्यामागचा हेतू आजही टिकून आहे, नियम मात्र आता बरेच सैल झाले आहेत.

माझा व्यवसाय वैद्यकीय उपकरणांच्या कॅलिब्रेशनचा. रक्तदाब मोजायची यंत्रं, थर्मामीटर, वजनकाटे बरोबर आकडा दाखवतात का, ते तपासून प्रमाणपत्र द्यायचं. हे कुठल्या रकान्यात बसवायचं यावर सदस्यता समितीत म्हणे बरीच चर्चा झाली. एकाचं म्हणणं 'आरोग्यसेवा', दुसऱ्याचं 'अभियांत्रिकी'. शेवटी माझ्याच कामाचं नाव जसंच्या तसं लिहिलं. मला बरं वाटलं, कारण एरवी लोक "म्हणजे तुम्ही मशीन रिपेअर करता?" असं विचारून मोकळे होतात.

अर्ज क्लबच्या बोर्डाकडे, म्हणजे संचालक मंडळाकडे गेला, बोर्डाने होकार दिला, आणि मग नाव सदस्यांना कळवलं गेलं. आमच्या क्लबच्या उपविधीप्रमाणे सात दिवसांत कुणाची लेखी हरकत आली नाही तर नाव पक्कं. हा आठवडा विचित्र असतो. आपल्याला कुणी नाकारेल असं वाटत नसतं, तरी सभेत एखादा सदस्य आपल्याकडे जरा जास्त वेळ पाहू लागला की मनात शंका येते. कुणीच हरकत घेतली नाही. मुख्याध्यापिकाबाई मात्र मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, आपण बायका इथे यायला 1989 उजाडलं. कॅलिफोर्नियातल्या एका क्लबने 1977 मध्ये बायकांना घेतलं, तर त्याची सनदच काढून घेतली होती. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, 1987 ला निकाल लागला, मग कुठे दोन वर्षांनी नियम बदलला. तेव्हा तू हरकतीची काळजी करू नकोस, हरकती सगळ्या घेऊन झाल्यात." बाई इतिहास शिकवायच्या.

यानंतर माहितीची बैठक. सूचक आणि दोन जुने सदस्य तुम्हाला समोर बसवून वर्गणी किती, ती कुठे जाते, वर्ष 1 जुलै ते 30 जून असतं, फाउंडेशन म्हणजे रोटरीचा सेवाकार्याचा निधी काय असतो, हे सांगतात. फाउंडेशनची गोष्ट मला आवडली. रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी 1917 मध्ये निधीची कल्पना मांडली आणि त्यात आलेली पहिली देणगी होती साडेसव्वीस डॉलर. पुढे 1985 पासून पोलिओविरुद्धची लसीकरण मोहीम याच निधीच्या जोरावर चालली.

पण त्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो हजेरीवर. दर सहामाहीत निम्म्या तरी सभांना यायचं. लागोपाठ चार सभा चुकवल्या आणि कारण कळवलं नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. जुन्या नियमाप्रमाणे सभेचा 60 टक्के वेळ तरी बसायला हवं, नाहीतर येऊन सही करून पळणाऱ्याची हजेरी धरायची नाही. आपली सभा चुकली तर दुसऱ्या कुठल्याही क्लबात जाऊन ती भरून काढता येते, त्याला मेक-अप म्हणतात. प्रवासात असताना अनोळखी गावच्या क्लबात मेक-अपला जाणं, तिथलं बॅनर घेऊन आपलं देणं, हा जुन्या सदस्यांच्या मोठ्या आवडीचा विषय. वय आणि सदस्यत्वाची वर्षं मिळून 85 झाली की हजेरीतून सूट मागता येते, पण आमच्याकडे ज्यांना ती मिळू शकते तेच सगळ्यात आधी येऊन बसलेले असतात.

2016 मध्ये क्लबांना दर आठवड्याला भेटण्याच्या सक्तीतून मोकळीक मिळाली. महिन्यातून किमान दोनदा भेटलं तरी चालतं. अनेक क्लब तसं करतात, आमच्याकडेही दर वर्षी कुणीतरी हा विषय काढतं. नोकरी करणाऱ्या, लहान मुलं असलेल्या सदस्यांची ओढाताण होते हे खरंच आहे आणि मी पाहुणी असताना माझं मत विचारलं असतं तर मी हात वर करून महिन्यातून दोनदावर शिक्का मारला असता. आता मी विरोधात मत देते. का, ते पुढे सांगते.

पदग्रहण पाच मिनिटांत उरकलं. अध्यक्षांनी चार वाक्यं वाचली, डॉक्टरांनी पिन लावली. त्या पिनवरच्या चाकाला, म्हणजे रोटरीच्या बोधचिन्हाला, 24 दाते, सहा आरे आणि मध्यभागी चाक आसाला घट्ट धरणारी चावी बसवायची खाच असते. आधीच्या चित्रात ती खाच नव्हती. अभियंत्यांनी म्हणे लक्षात आणून दिलं की अशा चाकाने शक्ती पुढे जाणारच नाही, ते नुसतं गरगर फिरत राहील. मग खाच घातली. माझ्यासारख्या यंत्रांत रमणाऱ्या बाईला संस्थेबद्दल आदर वाटायला एवढं पुरेसं होतं.

आणि मग नव्या सदस्याची खरी परीक्षा, क्लासिफिकेशन टॉक. दहा मिनिटांत स्वतःच्या व्यवसायाविषयी बोलायचं. आत्मचरित्र नाही, काम काय ते सांगायचं. मी काट्याचं रक्तदाबयंत्र, तपासणीचा संदर्भ-मापक आणि दोन्हींना जोडणारी तीन तोंडांची नळी घेऊन गेले. एकच हवेचा दाब दोन्हींत सोडून वेगवेगळ्या टप्प्यांवर आकडे ताडून बघायचे. फरक पाऱ्याच्या तीन मिलिमीटरच्या आत हवा. हवा सोडल्यावर काटा शून्यावर यायला हवा, आणि दाब धरून ठेवला असताना मिनिटाला चार मिलिमीटरहून जास्त गळता कामा नये. काट्याचं यंत्र एकदा हातातून पडलं की दिसायला धडधाकट असतं, पण आकडा खोटा दाखवू शकतं. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला तर रक्तदाब असतो त्याहून जास्त येतो.

मी खाली बसायच्या आतच औषधविक्रेत्यांनी हात वर केला. "आपण तपासणी शिबिराला यंत्रं याच्या-त्याच्याकडून मागून आणतो. ती कुणी तपासतं का हो?" सभागृह एकदम शांत झालं आणि मग एकदम सगळेच बोलायला लागले. अध्यक्षांनी घंटा वाजवून विषय सभेनंतर घ्यायला लावला. पुढच्या सभेला लोक आपापली यंत्रं पिशव्यांतून घेऊन आले. घंटेआधीच्या वेळात मी एक टेबल अडवून बसले. बरीच यंत्रं ठीक होती. एकाचा काटा शून्याच्या वरच अडकत होता, एकाचा पट्टा गळत होता. त्याच्या पुढच्या आठवड्याला कंत्राटदारांनी जाड दंडाच्या माणसांसाठी मोठे पट्टे आणले, त्यांचा स्वतःचा दंड तसाच आहे. आता शिबिराच्या आधीच्या सभेला हे टेबल लागतंच.

हे पंधरा दिवसांनी भेटून झालं असतं का? झालं असतंही, पण मधल्या काळात निम्म्या लोकांनी पिशवी विसरली असती, आणि औषधविक्रेत्यांचा प्रश्न इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढ्या दोन शब्दांत जाऊन बसला असता. वेगवेगळ्या धंद्यांची माणसं नुसती एका टेबलावर आणून भागत नाही, त्यांनी एकमेकांना अर्धवट राहिलेलं बोलणं पुढच्या भेटीत पुरं करता येईल इतक्या लवकर भेटायला हवं. त्यासाठी मी वाढदिवस, डबा, नद्या आणि आभारप्रदर्शन सहन करते. डब्यात पैसेही टाकते.

सहन करते म्हणाले खरी, पण त्या बोलण्याचा परिणाम व्हायचा तो झालाच. कॉफीच्या वेळी मी वक्त्यांबद्दल कुरकुर करताना अध्यक्षांनी ऐकलं आणि मला कार्यक्रम समितीत टाकलं. आता वक्ते शोधायचं काम माझ्याकडे आहे. मी त्यांना तीन गोष्टी आधीच फोनवर सांगते: वीस मिनिटं, एकच विषय, आणि अठराव्या मिनिटाला सार्जंट समोर येऊन उभे राहतील, घाबरू नका. पुढच्या सहामाहीच्या यादीतल्या बऱ्याच तारखा अजून रिकाम्या आहेत. उंच टाकीला पाणी का चढत नाही यावर बोलायला आमच्या कंत्राटदारांना विचारलंय, ते अजून लाजतायत.