सहा आठवडे परक्या मजग्यांत

डोंगरातल्या एका सामूहिक शेतावर राहून काम करायला जायचं होतं. त्याच्या अर्जात एक प्रश्न होता, ‘तुम्हाला कोणतं काम येतं?’ मी बिनधास्त लिहिलं, ‘शेतीतलं सगळं.’ खोटं नव्हतं. संगमेश्वर तालुक्यातल्या गावात दहावीपर्यंत वाढले, भात लावला, नाचणी खुडली, सड्यावरून गवताचे भारे आणले. त्यानंतरची सदतीस वर्षं डोंबिवली आणि बँकेचं काउंटर यांत गेली, ते मात्र कुणी विचारलं नव्हतं.

शेत उत्तराखंडातल्या कुमाऊंत, अल्मोडा जिल्ह्यात. दोन कुटुंबं, चार-पाच एकटे आणि माझ्यासारखे येणारे-जाणारे मिळून चौदा जण. जमीन त्यांची नाही. हल्द्वानी-दिल्लीला गेलेल्या गावकऱ्यांची, कसायला घेतलेली. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे. अटी अशा: किमान महिनाभर राहायचं, आठवड्याचे सहा दिवस रोज पाच तास काम, राहणं फुकट, जेवणाचे दिवसाला अडीचशे रुपये आपण द्यायचे. स्वेच्छानिवृत्ती घेऊन दोनच महिने झाले होते. मुलगा म्हणाला, “आई, राबायचं तू आणि वर पैसेही तूच द्यायचे?” मलाही ते खटकलं होतं.

दिल्लीहून रात्रीच्या राणीखेत एक्सप्रेसने पहाटे काठगोदाम. रेल्वे तिथेच संपते. पुढे अल्मोड्यापर्यंत शेअर जीप, मग दुसरी जीप, मग पाऊण तासाचा चढ. सप्टेंबरचा मध्य होता, पाऊस ओसरला होता, तरी वाटेत दरड आली आणि तीन तास जीपमध्येच बसून काढले. या दिवसांत जाणार असाल तर परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा.

पोचले त्या संध्याकाळी गावात खतडुवा होता, म्हणजे अश्विन संक्रांतीचा गुरांचा सण. गोठे झाडून काढलेले, पोरांनी जाळ पेटवलेला, हातोहात काकडीच्या फोडी वाटणं चाललेलं. आमच्याकडे गुरांना ओवाळतात ते दिवाळीच्या पाडव्याला. काकडी खात मी मनात म्हटलं, हे तर आपलंच आहे, जमणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी काही जमलं नाही.

हिवाळ्यासाठी गवत कापायचं होतं. उतार असा की उभं राहायला एक पाय कायम वाकवावा लागे. हातात दराती, म्हणजे त्यांचा विळा. तो धरायची आठवण हाताला होती, कंबरेला नव्हती. तासाभरात मी कापलं तेवढ्याची एक पेंढी झाली. शेजारच्या घरच्या दीदी माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, तेवढ्या वेळात त्यांचा भारा बांधून तयार. माझी चुंबळ पाहून हसल्या, पण भारा डोक्यावर टेकवून दिला. वीस पावलं गेले आणि भाऱ्यासकट खालच्या मजगीत, म्हणजे उतारावरच्या पायरीसारख्या शेतात, बसले. उठताना आधाराला जे झुडूप धरलं ते निघालं सिसूण. आपल्या खाजकुयलीची थोरली जाऊच म्हणा. हात कोपरापर्यंत सुजला. रात्री पानात त्याच सिसूणची भाजी होती. सूड उगवावा तशी मी दोनदा मागून घेतली.

पहिले दहा दिवस असेच गेले. मला शिकवायला एक जण अडकायचा, मी चुकीची रोपं उपटली की दुसरा निस्तरायचा. मुलाला फोनवर सांगितलं, अडीचशे कमीच घेतात.

बाकी सगळ्याची सवय लागते. संडास कोरडा, वरून राख आणि भुसा टाकायचा, चार दिवसांत त्याचं काही वाटेनासं होतं. पाणी नौल्यावरून आणायचं. नौला म्हणजे झऱ्यावर बांधलेली दगडी, छप्पर असलेली छोटी बारव. वर दोन बादल्या आणल्या की आंघोळ आठवड्यातून दोनदाच का करावी हे आपोआप पटतं.

सवय लागली नाही ती भांड्यांची. चौदा माणसांची भांडी, गार पाणी, राख. फळ्यावर पाळ्या लिहिलेल्या असत. दोन तरणेबांड गडी होते, भल्या पहाटे उठून ध्यान लावणारे. त्यांची पाळी आली की नेमकं त्यांना कुंपण दुरुस्त करायचं असे, आणि घासायला बसत त्या बायकाच. रविवारी सगळ्यांची बैठक व्हायची. तिथे मतदान नाही, एकमत झालं तरच निर्णय, एक जण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या रविवारी. मोरीपर्यंत नळी आणायचा विषय असे तीन रविवार चालला. मला बँकेची खोड. मी वही आणली, तारीख, पाळी, कुणी केली, सही, असे रकाने आखले. एकाने नाक मुरडलं, “ताई, हे ऑफिस नाही.” मी म्हटलं, “म्हणूनच भांडी पडून आहेत.” पुढचे दोन आठवडे भांडी वेळेवर घासली गेली आणि ध्यानवाले माझ्याशी बोलेनासे झाले. तिसऱ्या आठवड्यात वही चुलीजवळ सापडली, अर्धी पानं गायब. एकत्र राहण्याबद्दल एरवी फार सुंदर बोलायचे ते दोघे.

एका सुट्टीच्या दिवशी कौसानीला जाऊन आले. १९२९ साली गांधीजी तिथे राहिले होते. पण मला पाहायचा होता सरलाबेनचा लक्ष्मी आश्रम. मूळच्या इंग्लंडच्या कॅथरिन हाइलमन. कित्येक वर्षं आपल्या सेवाग्रामला राहिल्या, तिथला उन्हाळा आणि मलेरिया सोसेना म्हणून इकडे आल्या आणि १९४६ साली डोंगरातल्या मुलींसाठी हा आश्रम काढला. अभ्यासाइतकंच गाई, गवत, शेत हेही तिथलं शिक्षण. या कामाला ‘अनुभव’ म्हणत मी इतक्या लांबून आले होते, त्याचं मला तिथे जरा हसू आलं.

ऑक्टोबरात मडुआ तयार झाला. मडुआ म्हणजे नाचणी. कणसं खुडायला बसले आणि पहिल्यांदाच माझा हात कुणाच्या मागे राहिला नाही. दीदीही बघत राहिल्या. खालच्या मजगीत गहत होता. शेंग फोडून दाणे तळहातावर घेतले, तर कुळीथ! मुतखड्यावर देतात, हेसुद्धा त्यांनी आमच्या आजीसारखंच सांगितलं. घरात गेल्या वर्षीचा गहत होता. तो भाजला, जात्यावर भरडला, पाखडला, दळला. बरोबर आमसुलं नेली होतीच. लसणाची फोडणी दिली आणि चौदा जणांसाठी कुळथाचं पिठलं केलं. दीदीलाही वाटीभर नेऊन दिलं. चाखून म्हणाल्या, थोडं आमच्या डुबक्यांसारखं लागतं. मग विचारलं, “तुम्हारे यहाँ भी मडुआ होता है?”

“होता है.”

“तो इस साल कौन काट रहा है?”

मला वाटतं, दोन मिनिटं तरी मी गप्प होते. मग म्हटलं, “कोई नहीं.”

त्यांना नवल वाटलं नाही. त्यांचे दोन्ही मुलगे दिल्लीत. वरच्या वाडीतल्या सात घरांपैकी पाचांना कुलूप. २०११च्या जनगणनेत अल्मोडा आणि पौडी या जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली निघाली. आपल्याकडे त्याच जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचीही घटली. रत्नागिरीच्या त्या घटीत आमचं घर आहे. गणपतीत उघडतं, शिमग्यात उघडतं, एरवी बंद.

निघायच्या दिवशी फळ्यावर भांड्यांसमोर माझंच नाव होतं. घासली. दीदींनी जुन्या ब्लाउजपीसमध्ये बांधून किलोभर गहत दिला, डाळीला म्हणून नव्हे, बियाण्याला. अल्मोड्याला जीप भरेपर्यंत तासभर होता. गावी चुलतभावाला फोन लावला.

“दादा, आपल्या खालच्या मजगीत आता काय आहे?”

“रान.”

“आणि वरच्या?”

“वरच्यात डुकरं,” तो म्हणाला. “का गं?”