कोणता ठाणे जिल्हा?

ऐरोलीच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना संगणक आणि माहिती हाताळणे कितपत जमते, हे तपासण्याचे काम गेल्या वर्षी संगणक विषयाच्या सरांवर आणि माझ्यावर सोपवण्यात आले. आदल्या दिवशी भरून घेतलेल्या प्रश्नावलीत बहुतेकांनी स्वतःला ‘उत्तम’ ठरवले होते. परंतु पोहता येते की नाही हे पाण्यात उतरल्याखेरीज कळत नाही, म्हणून प्रत्यक्ष काम देण्याचा आग्रह मी धरला.

काम मीच तयार केले होते. ठाणे जिल्ह्याचा महाराष्ट्राच्या लोकसंख्येत किती टक्के वाटा आहे, हे शेवटच्या जनगणनेच्या आधारे काढायचे, आकडे कुठून घेतले ते लिहायचे, तक्ता करायचा आणि फाईल ठरलेल्या नावाने ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्यामुळे २०११ चेच आकडे हाताशी होते. माझ्या उत्तरसूचीत जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८, राज्याची ११,२३,७४,३३३ आणि उत्तर ९.८४ टक्के असे होते.

पहिल्या अर्ध्या तासातच प्रश्नावलीतला आत्मविश्वास ओसरू लागला. मोबाइलवर सराईतपणे बोटे चालवणाऱ्या मुलांना आपण सेव्ह केलेली फाईल गेली कुठे, हे सापडेना. मोबाइलवर फोल्डर उघडण्याची वेळच सहसा येत नाही, त्यामुळे यात त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. अनेकांनी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टक्केवारी काढून आयता आकडा रकान्यात टाकला. सूत्र लिहिणारे थोडे होते. माहितीच्या स्रोतासमोर बहुतेकांनी एकच शब्द लिहिला होता : ‘गुगल’. दुकानाचे नाव विचारावे आणि ‘बाजार’ असे उत्तर मिळावे, तसे ते झाले.

मागच्या रांगेत विक्रमगडकडची एक मुलगी बसली होती. ती शिक्षणासाठी दिघ्याला मावशीकडे राहते. प्रश्नावलीत तिने संगणकासमोर ‘कच्ची’ असे लिहिले होते आणि ते खरेच होते, कारण एकेका बोटाने अक्षरे शोधून ती टंकत होती. तिने हात वर केला आणि विचारले, “मॅडम, कोणता ठाणे जिल्हा?”

मला प्रश्न कळला नाही. जिल्हा एकच आहे, दिलेले वाच, असे मी काहीशा घाईने म्हणाले. ती पुन्हा कामाला लागली.

संध्याकाळी उत्तरे तपासताना तिचे उत्तर ७.१८ टक्के दिसले. मी चूक अशी खूण केली, आणि मग तिने स्रोताच्या रकान्यात लिहिलेला मजकूर वाचला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून आठ तालुके वेगळे होऊन पालघर जिल्हा झाला. जनगणना त्याआधीची आहे. म्हणून तिने पालघरची २९,९०,११६ ही लोकसंख्या शोधून एकूण संख्येतून वजा केली होती, आणि उरलेले ८०,७०,०३२ हा आजच्या ठाणे जिल्ह्याचा आकडा धरला होता. वजाबाकी कच्च्या कागदावर होती आणि तो कागद तिने जोडला होता.

मी प्रश्नात ‘वाटा आहे’ असे लिहिले होते, ‘वाटा होता’ असे नव्हे. सूची चुकली होती. हे तुला कसे सुचले, असे मी दुसऱ्या दिवशी तिला विचारले. ती म्हणाली, “मॅडम, माझ्या जन्मदाखल्यावर जिल्हा ठाणे आहे आणि रहिवासी दाखल्यावर पालघर. घर तेच आहे. प्रवेशाच्या वेळी खिडकीवर दोनदा समजावून सांगावे लागले.”

अमेरिकेतील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० साली जी मानके प्रसिद्ध केली, त्यांत माहिती साक्षरता, म्हणजे हवी ती माहिती शोधून पारखण्याची क्षमता, आणि संगणक-कौशल्य यांत स्पष्ट फरक केला आहे. तो मी प्रशिक्षणात वाचला होता आणि इतरांना शिकवलाही होता. तरीही दोन्हींचे गुण मी एकाच बेरजेत घातले होते, आणि त्या बेरजेत ही मुलगी नापास होत होती.

सरांशी बोलून आम्ही दोन्ही गुण वेगळे केले आणि सगळी उत्तरे पुन्हा तपासली. ९.८४ हे उत्तरही ग्राह्य धरले, पण तो अविभाजित जिल्ह्याचा आकडा आहे असे ज्याने लिहिले त्यालाच पूर्ण गुण दिले. तसे लिहिणारा एकही निघाला नाही. तिचे तक्त्याचे गुण मात्र कमीच राहिले. ते वाढवणे तिच्यावरही अन्याय झाला असता.

त्यानंतर आठवडाभर ती दुपारी ग्रंथालयातल्या संगणकावर येऊन बसू लागली. सूत्र ‘=’ या चिन्हाने सुरू करायचे, एवढेच मी सांगितले. तिने भागाकाराचे सूत्र लिहिले, जुना आकडा खोडून ८०,७०,०३२ टाकला आणि शेजारच्या रकान्यात ९.८४ च्या जागी ७.१८ आपोआप उमटलेले पाहून, खात्री करण्यासाठी, कच्चा कागद पुन्हा पुढे ओढला.