पाइपाची गुडगुड

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. स्कॉटलंडच्या पर्थशायरमध्ये आयला नदी टे नदीला मिळते, त्या सपाट खोऱ्यातल्या एका शेताच्या चरावर आम्ही दोघे सकाळी आठला पोचलो. बीव्हरच्या, म्हणजे काड्या-चिखलाचे बंधारे घालणाऱ्या मोठ्या कुरतड्या प्राण्याच्या, एका कुटुंबाने चर अडवून बंधारा घातला होता. उंची ८५ सेंटिमीटर, लांबी जेमतेम चार मीटर. एवढ्याशा बंधाऱ्याने किती रान चिबडेल, हे उतारावर ठरते. या चराचा उतार हजाराला एक. म्हणजे पाणी ७० सेंटिमीटर चढले की फुगवटा ७०० मीटर मागे जातो.

शेतकऱ्याचे खरे दुखणे जमिनीखाली होते. शेतात मीटरभर खोलीवर निचऱ्याचे पाइप पुरलेले आहेत; आपल्याकडे शिरोळ-सांगली भागात क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप घालतात तसेच. त्यांची सहा तोंडे या चरात उघडतात. त्यांतली पाच पाण्याखाली गेली होती. तोंड बुडाले की पाइपात पाणी तुंबते, गाळ बसतो आणि वर बटाट्याच्या सऱ्यांमध्ये घोट्यापर्यंत पाय रुततो. बटाटा जागच्या जागी कुजायला लागतो. ज्याचे नुकसान होते त्याला ‘बीव्हर पाणथळ जागा जिवंत करतो’ हे सांगून काही उपयोग नाही, आणि सांगूही नये. आधी पाणी उतरवायचे: बंधारा तसाच ठेवून त्यातून एक पाइप घालायचा, म्हणजे जास्तीचे पाणी गुपचूप खाली जाते. त्यासाठीच आम्ही आलो होतो.

बंधारा उपटून टाकणे हा उपाय नव्हे. बीव्हर दोन-तीन रात्रींत तो पुन्हा उभा करतो. शिवाय १ मे २०१९ पासून स्कॉटलंडमध्ये तो संरक्षित प्राणी आहे, त्यामुळे दोन आठवड्यांहून जुना बंधारा परवान्याशिवाय हलवता येत नाही. १ एप्रिल ते १६ ऑगस्ट हा पिल्लांचा काळ, तेव्हा तर हातच लावायचा नाही. पुढे ऑक्टोबर सरताना सॅमन आणि ट्राउट हे मासे अंडी घालायला लागतात, मग गाळ ढवळलेला चालत नाही. मधे उरतात ते हे थोडे आठवडे. आणि पाइपाचा उपाय फसला तर शेतकऱ्याचा पुढचा अर्ज पिंजऱ्याचा किंवा बंदुकीच्या परवान्याचा असतो. संरक्षण मिळाले त्याच वर्षी, डिसेंबरअखेरपर्यंत, परवान्याने ८७ बीव्हर मारले गेले होते. २०२१ नंतर पकडून दुसरीकडे सोडण्यावर भर आला, तो चांगलाच बदल. पण घर केलेले कुटुंब आहे तिथेच टिकवता आले तर मला ते कधीही जास्त पटते.

हत्यारे उतरवण्याआधी दोन्ही काठ चालून पाहिले. बंधाऱ्याच्या माथ्यावर, एका सपाट दगडावर, पाणमांजराची विष्ठा होती. ताजी, काळी, चिकट. काडीने उकलली तर माशांचे बारीक काटे आणि बेडकाचे एक हाड. वास माशाचा, पण उग्र नाही, थोडा गोडसर. वरच्या अंगाला काठात बीव्हरचे एक जुने, सोडलेले बीळ होते. त्याच्या तोंडाशी चिखलात पाच बोटांचे गोल ठसे, आणि गवतावर घसरून घसरून पडलेली वाट. बीव्हरने खणलेल्या घरात पाणमांजर राहायला आले होते. इथे हे नवलाचे नाही. साठलेल्या पाण्यात मासे आणि बेडूक वाढतात, त्यामागे ते येतेच. कीटकनाशकांमुळे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या बहुतेक नद्यांमधून ते नाहीसे झाले होते, हे आठवले की अशा विष्ठेपाशी थोडे थांबावेसे वाटते.

पण आता काम होणार की नाही, हाच प्रश्न होता. पाणमांजराच्या बिळापासून ३० मीटरच्या आत काम करायचे नाही. पिल्ले असतील तर २०० मीटर. टेप लावली, ४१ मीटर भरले. लहान ठसे कुठेच नव्हते, आणि आधीच्या दोन आठवड्यांच्या कॅमेऱ्यातही एकटेच जनावर दिसत होते. काम करायचे ठरले, पण यंत्र बांधापलीकडेच ठेवून फक्त हातांनी.

मग लेझर लेव्हल, म्हणजे पाण्याची पातळी मोजायचे उपकरण. शेतकऱ्याला पाणी ४५ सेंटिमीटर खाली हवे होते. आम्ही ३० वर थांबलो. बीव्हर बंधारा घालतो तो बिळाचे तोंड पाण्याखाली राहावे म्हणून. ३० उतरवल्यावर त्याच्या तोंडावर अजून वीतभर पाणी उरत होते. ४५ उतरवले असते तर चार बोटे उरले असते, आणि त्याने खालच्या अंगाला दुसरा बंधारा घालून आमचा पाइपच बुडवला असता. लोक इथेच चुकतात. हाव करून जास्त पाणी काढतात आणि आठवड्यात सगळे गमावतात. ३० ने पाचापैकी चार तोंडे उघडी पडत होती. पाचवे बंधाऱ्यापासून ३० मीटरवर, सगळ्यांत सखल. त्याला भोके नसलेला पाइप जोडून तो काठाकाठाने बंधाऱ्याच्या खाली नेऊन सोडायचा ठरला.

मुख्य पाइप ३०० मिलिमीटर व्यासाचा, दुहेरी भिंतीचा, आतून गुळगुळीत. सहा-सहा मीटरचे दोन तुकडे जोडून १२ मीटर. वरचे टोक बंधाऱ्यापासून आठ मीटरवर, जिथे गाळ कमी आहे अशा १०५ सेंटिमीटर खोल खळग्यात. त्या टोकाभोवती जाळीचा गोल पिंजरा, १.८ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच. जाळीचे घर १५ सेंटिमीटरचे: मोठा बीव्हर आत शिरत नाही आणि पालापाचोळा अडकून बसत नाही. तळालाही जाळी हवीच, नाहीतर तो खालून उकरतो.

बंधाऱ्यात खाच किती खोल पाडायची, यातही एक मेख आहे. पाणी ३० ने उतरवायचे म्हणून ३० ची खाच पाडली तर ते ३० ने उतरत नाही. पाइप रोजच्या ओघाला साधारण अर्धा भरून वाहतो, म्हणून त्याचा तळ आणखी १५ सेंटिमीटर खाली बसवावा लागतो. आम्ही ४५ ची खाच पाडली, तीही दोन तास लावून. एकदम फोडली तर गाळाचा लोंढा खाली जातो. पाइप खाचेत बसवला, काढलेल्याच काड्या आणि चिखल परत भरला, आणि पाझर तसेच राहू दिले. ते बुजवणे बीव्हरचे काम, आणि तो ते आपल्यापेक्षा नीट करतो.

दुपारी चारला पाइप बोलू लागला.

दर दोन-तीन मिनिटांनी आतून ‘गुडगुड’ असा आवाज, मग खालच्या तोंडातून पाण्याचा एक भपकारा. हे प्लास्टिक पाण्यापेक्षा हलके. दोन भिंतींमधली हवा निघावी म्हणून बाहेरच्या भिंतीला भोके पाडली होती, दर दोन मीटरला काँक्रीटचे ठोकळे बांधले होते. पण गाळ सगळीकडे सारखा नव्हता. टोकांकडचे ठोकळे खचले, मधला तसाच राहिला, आणि पाइपाला मधेच कुबड आले. कुबडात हवा साठायची आणि तुंबली की सुटायची.

माणसाला हा आवाज किरकोळ वाटेल. बीव्हरला नाही. लार्स विल्सन या स्वीडिश अभ्यासकाने पाळीव बीव्हरांना ध्वनिक्षेपकातून वाहत्या पाण्याचा आवाज ऐकवला होता. पाणी नसतानाही ते आवाजाच्या जागी काड्या-चिखल रचू लागले. आमची सगळी युक्ती पाणी मुकाट्याने जाण्यावर उभी. सूर्य सातला मावळणार होता आणि त्यानंतर केव्हाही कुटुंब बिळाबाहेर येणार होते.

जोडीदार छातीपर्यंत पाण्यात उतरला. चेस्टनटच्या लाकडाच्या दोन खुंट्या पाइपाच्या दोन्ही बाजूंनी तिरक्या घालून वर कैची केली, तारेने आवळली आणि घणाने हळूहळू ठोकत पाइप खाली दाबला. एक कैची पुरली नाही. कुबड दीड मीटर पुढे सरकले. तिथे दुसरी, मग तिसरी. तिसऱ्या कैचीनंतर एक मोठा बुडबुडा निघाला आणि पाइप गप्प झाला. सव्वासहा वाजले होते. पंधरा मिनिटे कान लावून उभे राहिलो. खालचे तोंडही पाण्यात नीट बुडालेले आहे ना, हे हात घालून पाहिले, कारण वरून पडणाऱ्या धारेचाही आवाज होतो.

सकाळी कॅमेरा उघडला. आदल्या संध्याकाळी सात पन्नासला मोठा बीव्हर आला, पिंजऱ्याभोवती दोनदा फिरला आणि सरळ बंधाऱ्याकडे गेला. पुढच्या पायांनी छातीशी धरलेला चिखल पाइपाच्या दोन्ही बाजूंना दाबत राहिला, पहाटेपर्यंत, मधे मधे दुसऱ्याला सोबत घेऊन. पिंजऱ्याला एकही काडी नाही. तीन चाळीसला पाणमांजर माथ्यावरून गेले आणि जाता जाता उघड्या पाइपावर विष्ठा टाकून गेले.

मोजपट्टीवर पाणी २७ सेंटिमीटर उतरले होते. बंधाऱ्यापासून दुसऱ्या तोंडातून आधी तांबूस गाळ आला, मग गढूळ पाणी, मग नितळ. शेतकरी काठावर वाकून ते बघत होता. त्याने विचारले, “पावसात काय?” खरे तेच सांगितले: जोराच्या पावसात पाणी माथ्यावरून जाणारच, हा पाइप पूर अडवत नाही, पाऊस ओसरल्यावर पातळी परत इथेच आणतो. पानगळीत दर पंधरा दिवसांनी पिंजरा साफ करायचा, एरवी महिन्यातून एकदा, दाताळे त्याच्याच शेडमध्ये ठेवले आहे. पाचव्या तोंडाचा पाइप जोडायला आम्ही दुपारी घेतला.