फवारलेल्या घरातला ताप

गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातल्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, सप्टेंबर संपता संपता, तीन वर्षांच्या मुलीला फाल्सिपेरम, म्हणजे जीवघेणा ठरू शकणारा मलेरिया निघाला. गावाची नोंद अगदी चोख: फवारणी पूर्ण, मच्छरदाण्या वाटून झालेल्या. मग डास चावला कुठे?

पोरगी खातपीत होती, झटके नव्हते, म्हणून घरीच तिच्या वयाचं मलेरियाच्या गोळ्यांचं पिवळं पाकीट सुरू केलं. पहिल्या दिवशी आर्टेसुनेट ५० मिलीग्रॅम आणि एसपीची (सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन) एक गोळी, दुसऱ्या दिवशी आर्टेसुनेटबरोबर प्रायमाक्वीन ७.५ मिलीग्रॅम, तिसऱ्या दिवशी नुसतं आर्टेसुनेट. गोळी चुरून पाजल्यावर पंधरा मिनिटं तिथून हलायचं नाही. उलटी झाली तर डोस पुन्हा. ताप लवकर उतरतो आणि उरलेलं पाकीट आढ्याला खोचलं जातं, म्हणून आशाताई तिन्ही दिवस समोर बसून गोळी देतात. या कामाचं मोल त्यांना कधीच पुरेसं मिळत नाही.

मग कुडाच्या भिंतीवरून हात फिरवला. सारवण ताजं होतं. इथं फवारणी मापात झाली होती: १० लिटर पाण्यात ५ टक्के अल्फासायपरमेथ्रिन या कीटकनाशकाची २५० ग्रॅम पावडर, नोझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर, पंपातून मिनिटाला ७४० ते ८५० मिलिलिटर औषध. नोझल झिजलं की औषध ओघळून जमिनीवर जातं, म्हणून बादलीत सोडून रोज मोजायचं. ही सगळी मेहनत मातीच्या एका थराखाली गेली. रक्त पिऊन डास भिंतीवर विसावतो, त्याला लागायचं औषध आत गाडलेलं. पंडुमच्या, म्हणजे इथल्या आदिवासी सणाच्या तोंडावर बाई घर सारवणारच. चूक तिची नाही, सणाआधी फवारणीची तारीख लावणाऱ्यांची आहे.

मच्छरदाणी आत खाटेवर नीट खोचलेली होती. पण पोरगी महिनाभर आजीजवळ शेतातल्या मचाणावर झोपत होती, धान राखायला. खाली वाहता नाला. फ्लुव्हिएटिलिस हा मलेरिया पसरवणारा डास अशाच संथ वाहत्या पाण्यात वाढतो. टायर-डबकी उपसायचा उपदेश इथं कामाचा नाही.

दुसरी औषध लावलेली मच्छरदाणी दिली. दिवसभर सावलीत वाळत घालून मचाणाच्या चार खुंट्यांना बांधायची, कडा चटईखाली दाबायच्या. परत ताप आला तर रक्ताची काचपट्टीच घ्यायची, कारण बरं झाल्यावरही झटपट तपासणीचं किट कित्येक आठवडे पॉझिटिव्ह दाखवतं.

अहवालात 'रात्री कुठे झोपतात' हा रकाना नाही. मी तो वहीच्या समासात लिहायला लागलोय. पहिल्याच टोल्यावर अकरा पोरं शेतात निघाली.