कुर्डुवाडीखाली रिफ्ट आहे का?

गेल्या आठवड्यात पुण्याच्या ऑफिसात आमच्या सरांशी माझा चांगलाच वाद झाला, कुर्डुवाडीला बेसॉल्टखाली रिफ्ट, म्हणजे जमीन ताणली जाऊन खचलेली जुनी दरी, गाडलेली आहे का यावरून, आणि तो विषय काही डोक्यातून जात नाहीये.

आमचं काम ग्रॅव्हिटी सर्व्हेचं, म्हणजे जागोजागी गुरुत्वाकर्षण मोजून खालचा खडक जड की हलका ते ताडायचं. लोकांना वाटतं मशीन ठेवलं की जमिनीखालचं दिसतं. तसं नसतं हो. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण साधारण ९,८०,००० मिलिगल (हे ते मोजायचं एकक) आणि आपण शोधतो त्यातला काही मिलिगलचा खळगा, आमच्या भाषेत 'लो'. स्टेशनची उंची एक मीटरने चुकली तरी ०.२ मिलिगल इकडचे तिकडे होतात. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की रीडिंग स्थिर होत नाही, गप उभं राहायचं, आणि संध्याकाळी बेसवर, जिथून सुरुवात केली तिथे, परत येऊन पुन्हा रीडिंग घेतल्याशिवाय मशीनचा ड्रिफ्ट किती झाला, म्हणजे ते आपोआप किती सरकलं, ते कळत नाही.

सगळ्यात जास्त चीड येते डेन्सिटीची, म्हणजे खडकाच्या घनतेची! उंचीचा परिणाम वजा करायला सॉफ्टवेअरमध्ये २.६७ (ग्रॅम प्रति घन सेंमी) आधीच भरलेलं असतं आणि लोक ते तसंच सोडून देतात. पण आपल्याकडे वर बेसॉल्ट आहे, तो २.९ च्या आसपास. ५०० मीटर उंचीला तेवढ्यावरच जवळजवळ ५ मिलिगलचा फरक येतो, म्हणजे डोंगरच ॲनॉमली, जणू खालच्या खडकामुळे पडलेला फरक, बनून नकाशात उतरतात. मी सगळं २.९ ने परत काढलं. कुर्डुवाडीचा लो जरा बदलला, गेला मात्र नाही.

मग सर म्हणाले, झालं की, रिफ्टच आहे. सर फिल्डवरचे उत्तम माणूस, त्यांच्याइतकी स्वच्छ रीडिंग्ज मी कुणाची पाहिली नाहीत, पण रिफ्टवर त्यांचा फार जीव. १९७३ साली कृष्ण ब्रह्मम आणि नेगी यांनी ग्रॅव्हिटीच्या लोवरूनच कोयना आणि कुर्डुवाडी इथे बेसॉल्टखाली गाडलेल्या रिफ्ट मांडल्या, तेव्हापासून ती कल्पना लोकांच्या मनात पक्की बसलीये. आणि पुढे कोयनेला रासाटीजवळ बोअर घेतलं तर साधारण ९३० मीटर बेसॉल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे तळाचा जुना कठीण खडक, लागला, मध्ये रिफ्टमध्ये साचायला हवा तो गाळाचा थर नाहीच! हे मी सरांना सांगितलं तर म्हणे कोयना वेगळी, कुर्डुवाडी वेगळी. तेही खरंच आहे म्हणा.

म्हणून मी दोन मॉडेलं करून दाखवली. एकात बेसॉल्टखाली गाळाने भरलेली दरी, दुसऱ्यात दरीबिरी काही नाही, फक्त तळाच्या खडकात हलका ग्रॅनाइट. दोन्हींचा कर्व्ह आमच्या पॉइंट्सवरून तंतोतंत जातो. आणि रिफ्ट म्हणजे लोच असं तरी कुठंय? अमेरिकेतली ११० कोटी वर्षं जुनी मिडकॉन्टिनेंट रिफ्ट जड बेसॉल्टने भरलेली, ती नकाशावर हाय, म्हणजे जास्त गुरुत्वाकर्षणाचा पट्टा, म्हणूनच दिसते.

रिपोर्टमध्ये रिफ्टच्या कडा ठळक रेषेने काढायच्या का तुटक, म्हणजे खात्री नाही अशा, यावर सगळा वाद. ठळक रेषेचं चित्र वर पाठवायला बरं दिसतं, हे मला मान्य, पण एकदा छापलं की पुढचा माणूस तीच रेषा उचलून भूकंपाच्या नकाशावर टाकतो आणि किल्लारीनंतर आपल्याकडे लोक ते नकाशे किती भीतीने बघतात ते मी गावागावात पाहिलंय. शेवटी तुटक रेषा ठरली, सर नाराज आहेत. याच लाइनवर मॅग्नेटोटेल्युरिक, म्हणजे जमिनीतून वीज किती वाहते ते मोजणारा सर्व्हे, करा असं मी लेखी दिलंय, कारण ओला गाळ वीज वाहून नेतो आणि ग्रॅनाइट नेत नाही, निदान तिथे तरी ही दोन मॉडेलं वेगळी पडतील. पैसे मंजूर व्हायचेत.