फोटो दिसतात, पण ओव्या येत नाहीत

आयफोन विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडल्यावर फोटो दिसत असतील, पण आयट्यून्स (आयफोन आणि कॉम्प्युटर यांच्यात देवाणघेवाण करणारं ॲपलचं सॉफ्टवेअर) फोनला ओळखत नसेल, तर नवी केबल आणायला धावू नका. फोटो दिसले याचाच अर्थ केबल ठीक आहे, फोनही ठीक आहे. बहुतेक वेळा दुखणं कॉम्प्युटरमध्ये असतं.

माझे बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. वाई तालुक्यातल्या गावांतून फिरतात, म्हाताऱ्या बायकांना जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावतात आणि आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये रेकॉर्ड करतात. घरी आले की फोन कॉम्प्युटरला जोडायचा, सिंक करायचं, म्हणजे रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, आणि मग वहीत गाव, बाईचं नाव, माहेर असं सगळं लिहून ठेवायचं. दिवाळीनंतर फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि हे सगळं अडलं. स्क्रीनवर संदेश यायला लागला की या आयफोनला आयट्यून्सची नवी आवृत्ती लागते.

बाबा पॉपअपवर काहीही दाबत नाहीत. पेपरात रोज ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या वाचणारा माणूस तसंच वागणार, आणि मला ते योग्यच वाटतं. पण त्यामुळे फोन पुढे पुढे जात राहिला आणि कॉम्प्युटरवरचं आयट्यून्स जिथल्या तिथे राहिलं. बाजारातल्या दुकानदाराने आधी त्यांना केबल विकली. ती चालली नाही तेव्हा म्हणाला, फोन रीसेट करून देतो. बाबांनी मला फोन केला, "करू का गं?"

मी म्हटलं, "बाबा, फोन त्याच्या हातात देऊसुद्धा नका."

आयक्लाउडची, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीची, मोफत ५ जीबी जागा कधीच भरलेली. अलीकडच्या ओव्या फक्त त्या फोनमध्ये होत्या, आणि त्यातल्या काही आज्या आता हयात नाहीत. दुखणं कॉम्प्युटरचं असताना फोन पुसून टाकायचा, याचा मला आजही राग येतो.

शनिवारी पुण्याहून घरी गेले. फोटो दिसत असताना बाकीचं का अडतं, ते बाबांना आधी समजावलं. विंडोज आयफोनकडे एक कॅमेरा म्हणून पाहू शकतं. त्यासाठी लागणारी सोय विंडोजमध्येच असते, आयट्यून्स नसलं तरी फोटो उतरवता येतात. सिंक आणि बॅकअपला मात्र आयट्यून्ससोबत येणारा वेगळा ड्रायव्हर (विंडोजला फोनशी बोलायला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम) आणि 'ॲपल मोबाइल डिव्हाइस सर्व्हिस' ही मागे चालणारी सेवा लागते. हे जुनं राहिलं की नवा फोन दारातच अडतो.

काहीही काढण्याआधी 'मोबाइलसिंक' फोल्डरमधले जुने बॅकअप आणि म्युझिकमधलं आयट्यून्सचं अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केलं. आयट्यून्स काढलं म्हणून ही फोल्डरं जात नाहीत, तरी कॉपी केल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही. मग विंडोजचे राहिलेले अपडेट्स चढवले. यातच दुपार गेली. त्यानंतर जुनं आयट्यून्स आणि त्याच्यासोबतचे ॲपलचे भाग काढले, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आयट्यून्स पुन्हा घेतलं. स्टोअरमधली आवृत्ती स्टोअरमार्फत आपोआप अपडेट होत राहते, म्हणजे बाबांना पॉपअपला हात लावायची गरज नाही.

तरीही फोन दिसेना! विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, उघडलं. 'पोर्टेबल डिव्हाइसेस'खाली आयफोन होता, म्हणजे विंडोज त्याला अजून कॅमेराच समजत होतं. त्यावर राइट क्लिक करून ड्रायव्हर अपडेट केला. केबल काढून परत लावली, फोन अनलॉक केला, तेव्हा 'ट्रस्ट' करायचं का ते विचारणारी चौकट आली. बाबांनी पासकोड टाकला आणि आयट्यून्सच्या वरच्या पट्टीत फोनचं छोटं चित्र उमटलं. ही चौकट तुमच्याकडे येतच नसेल, तर फोनच्या रीसेटमध्ये 'लोकेशन अँड प्रायव्हसी' एवढंच रीसेट करून बघा. त्याने रेकॉर्डिंग किंवा फोटो जात नाहीत. त्याच पानावरचा 'इरेज ऑल' मात्र अगदी वेगळा. दुकानदार बोलत होता तो हाच.

आधी पूर्ण बॅकअप घेतला आणि मगच सिंककडे वळलो. ओव्या हव्या असतील तर म्युझिकच्या पानावर व्हॉइस मेमोजची खूण करावी लागते, ती नव्याने केली. इथे एक जपायचं. फोन दुसऱ्या लायब्ररीशी (आयट्यून्समधल्या गाण्यांच्या संग्रहाशी) जोडलेला आहे, पुसून सिंक करू का, असा प्रश्न आला तर 'कॅन्सल' दाबा. हो म्हटलं तर फोनमधलं तिथून सिंक केलेलं संगीत जातं. जुनी लायब्ररी शाबूत होती, त्यामुळे आम्हाला हा प्रश्न आलाच नाही.

बाबा रात्री उशिरापर्यंत एकेक ओवी वाजवून वहीशी ताडून पाहत बसले होते. सगळ्या आल्या.

आता कॉम्प्युटरचंच बघायचं आहे. त्यावर विंडोज १० आहे आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हे मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. बाबा म्हणतात, चालतंय तोवर चालू दे. मी त्यांना सांगितलंय, की मग दर रविवारी ओव्या हार्ड डिस्कवर उतरवायच्या आणि डिस्क कपाटात वेगळी ठेवायची. ते त्यांनी मान्य केलंय, वहीत तसा रकानाही आखलाय.