तुम्ही विचारलंत म्हणून: रोमन कायदा अजून कशाला?

लग्नाच्या पंगतीत विचारतात, वकिलांच्या बार रूममध्ये विचारतात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तर दर वर्षी नव्याने विचारतात: "टॉर्ट्सच्या, म्हणजे नुकसानभरपाईच्या कायद्याच्या, तासाला तुम्ही रोमन कायदा कशाला घुसवता? सिलॅबसमध्ये नाही, पेपरात येत नाही, कोर्टात चालत नाही." विचारणारे बहुतेक वकीलच, नाहीतर वकील होऊ घातलेल्यांचे आईवडील. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या पंगतीत निदान जिलबी तरी गरम खाता येईल.

कोर्टात चालत नाही, हे आधी खोडून काढतो. हिमाचलात एका मोटेलवाल्यांनी आपली जागा वाचवायला बियास नदीचा प्रवाहच वळवला, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. डिसेंबर १९९६ च्या त्या निकालात कोर्टाने सरळ रोमचा आधार घेतला: हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि किनारा कुणा एकाचे नसतात. आपल्याकडे 'पब्लिक ट्रस्ट'चं तत्त्व, म्हणजे असल्या गोष्टी सरकारने लोकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायच्या, हे आलं ते या निकालातून. (आता गंमत अशी की 'ट्रस्ट' ही कल्पना इंग्रजांची. रोमन वकिलाला हा निकाल वाचून दाखवला असता तर तो पहिल्यांदा गोंधळला असता आणि मग फी विचारली असती.) गोव्यात बापाला मुलांचा राखीव अर्धा हिस्सा मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. तिथे लागू झालेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वाटेने आलेली ही तरतूद, तिचं मूळ रोमन वारसा कायद्यात. आपल्याला इंग्रजांचा कायदा मिळाला, रोमनांचा नाही, असं कुणी म्हणालं तर ते बरोबरच आहे. मी फक्त एवढंच म्हणतो की रोम मागच्या दाराने येतच राहिलं.

हे झालं पंगतीतलं उत्तर. ते खरं आहे, पण माझं नाही.

वकिली नवी होती तेव्हा मी कॉलेजच्या वार्षिकांकात एक लेख लिहिला होता. त्यात 'कायदा ही चांगल्याची आणि न्याय्याची कला' हे सेल्सस या रोमन विधिज्ञाचं वाक्य होतं. रोमन सम्राट जस्टिनियनने ५३० मध्ये आपल्या ट्रायबोनियन या कायदेपंडिताला कामाला लावलं, जुन्या विधिज्ञांच्या म्हणे तीस लाख ओळी दीड लाखांवर आणल्या आणि तीन वर्षांत पन्नास भागांचा 'डायजेस्ट' सिद्ध झाला, याचं भरभरून वर्णन होतं. आमच्याकडे साधी अपील तीन वर्षांत बोर्डावर येत नाही, असा टोमणाही होता. लेख अजून कपाटात आहे. लिहिणारा पोरगा हुशार होता, पण रोमन कायद्यात माणसं कशी मरतात याकडे त्याचं लक्ष नव्हतं. युक्तिवाद किती देखणा आहे, तेवढंच तो बघत होता.

देखणा आहेच. डायजेस्टच्या नवव्या भागात, लेक्स अक्विलिया या नुकसानभरपाईच्या कायद्याखाली, एक किस्सा आहे. काही लोक चेंडू खेळत होते. एकाने चेंडू जोरात टोलवला, तो लागला एका न्हाव्याच्या हाताला. न्हावी त्या वेळी एका गुलामाची दाढी करत होता. वस्तऱ्याने गुलामाचा गळा कापला गेला. जबाबदार कोण? मेला नावाचा विधिज्ञ म्हणतो, ज्याची चूक असेल तो. दुसरा विधिज्ञ प्रोक्युलस म्हणतो, न्हावी. हे सगळं नोंदवणारा उल्पियन त्यात भर घालतो की जिथे नेहमी खेळ चालतो किंवा वर्दळ असते अशा जागी न्हावी दाढी करत बसला असेल तर दोष त्याच्याकडे जातो. पण अशा धोक्याच्या जागी खुर्ची मांडणाऱ्या न्हाव्यापुढे जो आपण होऊन मान देतो, त्याने स्वतःलाच बोल लावावा, असंही कुणी म्हटलं तर ते काही वावगं नाही. निष्काळजीपणा, कार्यकारणभाव, स्वतःहून पत्करलेला धोका, सगळं चार ओळींत. वर्गाला नाक्यावरच्या झाडाखालचा न्हावी डोळ्यांपुढे येतो, पोरं दोन गट पाडून भांडतात, तास कसा संपतो कळत नाही.

त्या वर्षीही तसंच चाललं होतं. दाराजवळ बसणारा एक मुलगा भांडणात नव्हता. त्याने हात वर केला आणि विचारलं, "सर, भरपाई कुणाला मिळणार?"

"मालकाला," मी म्हणालो. त्या कायद्याचं पहिलं कलमच तसं आहे: दुसऱ्याचा गुलाम किंवा चारपायी जनावर बेकायदा मारलं तर मागच्या वर्षभरातली त्याची सर्वांत जास्त किंमत मालकाला द्यायची. गुलाम आणि बैल एकाच वाक्यात.

"आणि त्याचे आईवडील?"

आता इथे मास्तराने थांबावं की नाही, यावर माझं माझ्याशी अजून एकमत नाही. मी थांबलो नाही, कारण या प्रश्नाचं उत्तर डायजेस्टमध्येच आहे आणि उत्तर माहीत असलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. मी त्याला पॉलस या विधिज्ञाचा उतारा सांगितला. पॉलस म्हणतो, गुलामाची किंमत ठरवताना माया मोजायची नाही. समजा मेलेला गुलाम तुझाच रक्ताचा मुलगा होता आणि तू त्याच्यासाठी वाटेल तेवढे पैसे मोजले असतेस, तरी तो हिशोब धरायचा नाही. इतर सगळ्यांच्या लेखी त्याची जी किंमत, तीच खरी.

वर्ग शांत झाला. मला वाटलं, उतारा पोचला.

तो मुलगा बसूनच बोलायला लागला. त्याचा मोठा भाऊ गॅरेजमध्ये कामाला होता, वय तेवीस, ट्रकखाली गेला. पगार रोखीने, म्हणून स्लिप नाही. अपघाताच्या भरपाईच्या क्लेममध्ये आईला साक्षीला उभं केलं. विमा कंपनीच्या वकिलाने उलटतपासात विचारलं, मयत घरी दरमहा किती द्यायचा? त्याला काही व्यसन होतं का? तुमचा दुसरा मुलगा कमावता होईल ना? मग त्या मुलाने फळ्याकडे बघत, वही न उघडता, हिशोब म्हणून दाखवला. महिना आठ हजार धरले, वर्षाचे शहाण्णव हजार. भविष्यातल्या वाढीचे चाळीस टक्के, झाले एक लाख चौतीस हजार चारशे. त्यातले अर्धे कापले, कारण अविवाहित होता, स्वतःवर खर्च केले असते. उरले सदुसष्ट हजार दोनशे. वय तेवीस, म्हणून गुणिले अठरा. बारा लाख नऊ हजार सहाशे. "आणि सर, मायेचे चाळीस हजार. वेगळे."

हिशोब अचूक होता. सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा निकालातला मल्टिप्लायर, म्हणजे वयावरून ठरणारा तो अठराचा गुणक, प्रणय सेठी निकालातली वाढ, आणि २०१८ पासून आईबापांनाही मिळू लागलेलं कन्सोर्शियम, म्हणजे मायेला मुकल्याची भरपाई. परीक्षेत हे कुणी इतकं नीट लिहीत नाही.

मला जे लागलं ते वेगळंच. तेव्हा मी एका विमा कंपनीच्या वकिलांच्या पॅनेलवर होतो. ती केस माझी नव्हती, पण तिन्ही प्रश्न माझे होते. त्याच क्रमाने, त्याच शब्दांत मी ते कित्येक आयांना विचारलेत. त्याला हे माहीत होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही.

आता बचाव. खोटे क्लेम असतात, पगार फुगवलेले असतात, भलत्याच गाडीचा नंबर घातलेला असतो, आणि कुणीतरी विचारावंच लागतं. व्यसनाचा प्रश्न मी आता आईला विचारत नाही, बाकीचे विचारतो. मी पॅनेलवर आजही आहे. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला सोमवार ते शुक्रवार वाटत नाही.

आणि रोमन? माझ्यातला वार्षिकांकवाला पोरगा म्हणतो, बघ, आपण पुढे आलो. पॉलसने माया शून्य धरली, आपण निदान आकडा तरी लावला. मी त्याला म्हणतो, याच डायजेस्टमध्ये गायस हा विधिज्ञही आहे. घरातून खाली फेकलेल्या वस्तूने स्वतंत्र माणूस जखमी झाला तर औषधपाण्याचा खर्च द्या, बुडालेली मजुरी द्या, पण शरीरावरच्या व्रणांची भरपाई धरू नका, असं तो सांगतो. कारण स्वतंत्र माणसाच्या देहाची किंमत होऊच शकत नाही. किंमत होते ती गुलामाची. मग माया चाळीस हजारांची ठरवून आपण त्या आईला गायसच्या स्वतंत्र माणसांत बसवलं की पॉलसच्या बाजारात? पोरगा म्हणतो, रिकाम्या हाताने परत पाठवणं जास्त सन्मानाचं होतं का? यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि त्याच्याकडेही नाही.

म्हणून शिकवतो. आमचे निकालपत्रांचे तक्ते इतके सवयीचे झालेत की त्यात माणसाचा भाव लावलाय हे दिसतच नाही. रोमनांनी ते न लाजता लिहिलं, म्हणून तिथे दिसतं. पेपरात हे येत नाही ही तक्रार खरी आहे, आणि ज्यांचे मार्क गेले त्यांच्या आईवडिलांचा राग मला मान्य आहे.

तो मुलगा आता अर्जदारांचे क्लेम चालवतो. अधूनमधून माझ्यासमोर असतो आणि माझ्या पहिल्याच प्रश्नाला हरकत घेतो. मागे चहाच्या टपरीवर मी त्यालाच विचारलं, न्हाव्याचा किस्सा शिकवत राहू का? तो म्हणाला, "बंद करा सर. तुमच्याकडून येणाऱ्या ज्युनियरना प्रणय सेठी धड लावता येत नाही, आणि न्हाव्यावर मात्र तासभर बोलतात."

मी अजून बंद केलेलं नाही.